जुन्या पिकअपचं ‘फोर बाय फोर’ खरंच लागतंय का? पैसे देण्याआधी तपासायची रीत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत वापरलेला फोर बाय फोर, म्हणजे गरजेला चारही चाकं ओढणारा, पिकअप बघायला गेलात की विकणारा हमखास एक प्रयोग करून दाखवतो. चावी फिरवतो, नॉब फोर-एचवर, म्हणजे चारही चाकांवर, नेतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तो म्हणतो, “बघा साहेब, फोर-व्हील एकदम ओके.” दिवा लागला याचा अर्थ दिवा लागला, एवढाच. बऱ्याच गाड्यांत हा दिवा ट्रान्सफर केसवरच्या, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीवरच्या, स्विचवरून पेटतो. ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोचली की नाही, याची त्याला खबरही नसते.

विकणारा खोटं बोलतोय असंही नाही. त्याला स्वतःलाच माहीत नसतं. एमएच ०४ किंवा एमएच ४३ नंबरचा पिकअप बहुधा घोडबंदर रोड, पाम बीच आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच फिरलेला असतो. फोर-व्हील कधी लावलेलंच नसतं, त्यामुळे आतले भाग झिजण्याऐवजी जाम झालेले असतात. एमएच ०६ किंवा ०८ची, म्हणजे रायगड-रत्नागिरीकडची गाडी चिखलात राबलेली असण्याची शक्यता जास्त. तिथे दुखणं उलटं, झिजेचं. नंबरप्लेट बघून निकाल लावू नका, पण कुठे बारकाईने बघायचं हे तिच्यावरून ठरवता येतं.

मुरबाड, शहापूर, कर्जतकडे जमीन घेतलीय, पावसाळ्यात शेवटचा कच्चा रस्ता चढत नाही, म्हणून पहिल्यांदाच असा पिकअप शोधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मेकॅनिक असण्याची गरज नाही. दोन माणसं, टॉर्च, खडू, जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकांना लावायला लाकडी ठोकळे आणि अंगाखाली घालायला पुठ्ठा एवढं पुरतं. फोनवरच विचारून घ्या: “दादा, गाडी जॅकवर घेऊन बघणार आहे, चालेल ना?” नाही म्हणाला तर घोडबंदरचं ट्रॅफिक तरी वाचलं.

आधी खाली वाका

गाडी मुळात फोर बाय फोर आहे का, इथून सुरुवात. हसू नका. एकाच चेहऱ्याच्या गाड्या दोन्ही प्रकारांत येतात. इसुझूचा व्ही-क्रॉस फोर बाय फोर मिळतो आणि त्याचाच भाऊ हाय-लँडर फक्त मागच्या चाकांवर चालतो. ‘४x४’चं स्टिकर तर कुठल्याही अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळतं. टाटा झेनॉन, स्कॉर्पिओ गेटअवे, बोलेरो कॅम्पर यांतही दोन्ही प्रकार रस्त्यावर आहेत. २०२२ मध्ये आलेला टोयोटा हायलक्स मात्र इथे फोर बाय फोरच विकला गेला.

खाली टॉर्च मारा. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस दिसली पाहिजे, तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद नेणारा लांब फिरता दांडा, मागे आणि एक पुढे गेलेला असला पाहिजे. पुढच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे बोल्ट नीट बघा. आजूबाजूला वर्षांची धूळ आणि बोल्ट मात्र पान्याने घासलेले, चकचकीत असतील तर कोणीतरी हल्लीच तो शाफ्ट काढलाय किंवा परत चढवलाय. पुढून थरथर यायला लागली की शाफ्टच काढून टाकायचा, हा काही गॅरेजवाल्यांचा आवडता इलाज आहे. त्यामुळे ‘का काढला होता?’ हे विचाराच. उत्तर देताना विकणारा किती अडखळतो तेही बघा.

आपल्यापुढे कुठली रचना आहे

इथल्या बाजारातले बहुतेक जुने पिकअप पार्ट-टाइम प्रकारचे. एरवी, म्हणजे टू-एचमध्ये, मागची दोन चाकं गाडी ओढतात. फोर-एच लावलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडते. फोर-एलमध्ये तेच, शिवाय गिअरिंग बरंच खाली जातं. साधारण अडीच पट म्हणा, गाडीगणिक थोडं कमीजास्त.

पण शाफ्ट जोडला म्हणजे चाक जोडलं असं नाही. पुढच्या बाजूला आणखी एक कडी असते. कुठे ती चाकाच्या मध्यभागी हबमध्ये असते आणि हाताने ‘फ्री’वरून ‘लॉक’वर फिरवायची असते. कुठे ती आपोआप लागते. कुठे व्हॅक्यूमच्या पाइपने किंवा छोट्या मोटरने पुढच्या अ‍ॅक्सलमध्येच, म्हणजे दोन चाकांमधल्या आसात, जोडणी होते. म्हणजे तपासायच्या जागा दोन: मागची जोडणी ट्रान्सफर केसमध्ये, पुढची जोडणी हबमध्ये किंवा अ‍ॅक्सलमध्ये. दोन्ही लागल्या तरच फोर-व्हील. खालची सगळी खटपट यातली नेमकी कुठली लागत नाही ते शोधायची आहे. ते कळल्याशिवाय “ट्रान्सफर केस गेली, बदलावी लागेल” हे वाक्य कोणाकडूनही ऐकून घेऊ नका.

हाताचे हब असतील तर दोन्ही बाजूंचे लॉक करून मगच पुढे जा. ‘फोर-व्हील लागत नाही’ या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात.

चारही टायरचा साइज आणि झीज सारखी आहे का, तेही आत्ताच बघून घ्या. मागे नवे कोरे आणि पुढे गुळगुळीत टायर असतील तर दोन्ही अ‍ॅक्सलचा फिरण्याचा वेग जुळत नाही. मग फोर-व्हील लागायला कुरकुरतं आणि निघायला त्याहून जास्त. यांत्रिक दोष नसतानाही गाडी दोषी ठरते.

कानाने तपासा

इंजिन बंद, चावी ऑनवर. फोर-व्हीलचे दिवे क्षणभर लागून विझतात का बघा. अजिबात लागलेच नाहीत तर बल्ब गेलाय, फ्यूज गेलाय, किंवा कोणीतरी मुद्दाम दिव्याचं तोंड बंद केलंय. सतत लुकलुकणारा दिवा म्हणजे बहुतेक गाड्यांत ‘सांगितलं ते पूर्ण झालं नाही’ असा निरोप.

आता सोबतच्या माणसाला गाडीशेजारी, ट्रान्सफर केसच्या जवळ उकिडवं बसवा. नॉबची गाडी असेल तर ब्रेक दाबून टू-एचवरून फोर-एच करा. ट्रान्सफर केसवरच्या, जोडणी सरकवणाऱ्या मोटरची ‘घर्र’ आणि शेवटी ‘खट्’ असा आवाज यायला हवा. काही गाड्यांत त्यासाठी इंजिन चालू लागतं. तसं असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि माणूस गाडीच्या बाहेरच. खाली नाही.

काहीच आवाज नाही, तर वीजच पोचत नाहीये किंवा मोटर मेलीय. घर्र येतं पण खट् येत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यासारखं वाटतं, तर मोटर जिवंत आहे आणि पुढचं काहीतरी अडलंय. नॉबऐवजी दांडा असलेल्या गाडीत हाताला कळतं. दांडा ठाम जागेवर बसला पाहिजे. नुसताच लोळत असेल तर खालच्या जोडणीचे बुश गेलेत. हलतच नसेल तर गंज.

वळणाची परीक्षा

ही फुकटची आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी. कोरडी, मोकळी, सपाट जागा हवी. आधी टू-एचमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून, पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या वेगाने थोडं फिरा. गाडी सहज वळेल. थांबा. फोर-एच लावा, आपोआप लागणारे हब पकडावेत म्हणून चार-पाच मीटर सरळ चाला, मग तसंच वळा. आता कोणीतरी ब्रेक धरून ठेवल्यासारखी गाडी जड झाली पाहिजे, टायर घासल्याचा आवाज आला पाहिजे, स्टीअरिंगला हिसके बसले पाहिजेत. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि जखडलेले शाफ्ट त्यांना ते करू देत नाहीत, म्हणून हा ताण येतो. पार्ट-टाइम गाडीत हा ताण म्हणजे फोर-व्हील लागल्याची खूण.

दिवा पेटलाय आणि गाडी टू-एचसारखीच लोण्यातून वळतेय? मग पुढच्या चाकांना काहीही पोचत नाहीये.

तीन-चार मीटरच्या पुढे हा खेळ करू नका. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर-एचमध्ये फिरणं हाच अर्ध्या ट्रान्सफर केसांच्या मरणाचा रस्ता आहे.

जॅक आणि खडू

वळणाच्या परीक्षेत नापास झालेल्या गाडीचं दुखणं कुठे आहे ते इथे कळतं. शंका नसली तरी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. सपाट काँक्रीट हवं. सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग याला उत्तम, सेक्रेटरी काय म्हणतील ते वेगळं.

फोर-एच लावून चार-पाच मीटर सरळ चाला, थांबा, इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. मग पुढचं एकच चाक जॅकने उचला आणि घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही. ट्रान्सफर केसला न्यूट्रलची जागा असेल तर ती त्या जागेत राहिलेली नाही ना, तेही बघा. तिथे असेल तर गाडी गिअरमध्ये टाकूनही चाकं मोकळीच राहतात आणि सगळी मदार हँडब्रेकवर येते. जुन्या पिकअपच्या हँडब्रेकवर मदार ठेवू नये.

पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर खडूने एक आडवी, ठळक रेघ मारा, बाजूने टॉर्च मारून दिसेल अशी. आता एकाने उचललेलं चाक दोन्ही हातांनी फिरवायचं आणि दुसऱ्याने त्या रेघेकडे बघायचं.

चाक बोटभर हललं आणि थडकून थांबलं, रेघ जवळजवळ जागेवरच राहिली: दोन्ही जोडण्या लागल्यात. थोडी ढिलाई चालते.

चाक गरगर फिरतंय आणि रेघ जागची हलत नाही: ताकद तुटतेय ती शाफ्टच्या पुढे. हब किंवा अ‍ॅक्सलची जोडणी लागलेली नाही. ट्रान्सफर केसबद्दल यातून काहीच कळत नाही. ती चांगली असू शकते, आणि बऱ्याचदा असतेच.

चाक फिरतंय आणि त्याच्याबरोबर रेघही फिरतेय: पुढची जोडणी नीट आहे, शाफ्टपर्यंत सगळं जोडलंय. ट्रान्सफर केसने मात्र त्याला जखडलेलं नाही. दुखणं मागे.

दुसरं चाक उचलून हेच परत करा. मग टू-एच लावून, मागेपुढे थोडं चालवून आणि पुन्हा उचलून बघा. आता चाक मोकळं फिरलं पाहिजे. टू-एचमध्येही अडकत असेल तर फोर-व्हील निघतच नाहीये, आणि ते न लागण्यापेक्षा वाईट. अशी गाडी रोज कोरड्या रस्त्यावर स्वतःचीच हाडं मोडत असते.

दुखणं पुढे असेल तर

व्हॅक्यूमची रचना असेल तर पहिला संशय रबरी पाइपांवर. इंजिनच्या उष्णतेने ते कडक होतात, वाकवले की तडकतात. आणि आपल्याकडे उंदीर. खाडीकाठच्या सोसायट्यांत आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे पाइप आणि वायरी कुरतडलेल्या निघणं ही काही नवलाची गोष्ट नाही. बॉनेट उघडून पाइप इंजिनपासून अ‍ॅक्सलपर्यंत बोटाने चाचपत जा. ब्रेकचा पेडलही कडक लागत असेल तर व्हॅक्यूम पंपाकडेच गडबड असू शकते, कारण डिझेल गाडीत ब्रेकचा बूस्टर त्याच पंपावर चालतो.

पाइप शाबूत असेल तर अ‍ॅक्सलजवळचं टोक सोडा. कोणीतरी फोर-एच लावताना बोटाच्या टोकाला ओढ जाणवते का बघा. काही गाड्यांना दोन पाइप असतात, एक लावायला आणि एक सोडायला. दोन्ही तपासा. इंजिन चालू असतं तेव्हा हात पंख्या-पट्ट्यापासून लांब. ओढ येते आणि तरी जोडणी लागत नाही, तर आतला पडदा फाटलाय किंवा सरकणारा भाग गंजलाय. ओढच येत नाही, तर पाइपमधली ओढ सोडणाऱ्या-रोखणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या छोट्या सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे बघा. हा भाग ट्रान्सफर केसच्या मानाने किरकोळ आहे.

हाताचे हब असतील तर ते फिरायला हवेत, पक्कड लावून नव्हे. जाम हब पुष्कळदा उघडून, धुऊन, नवीन ग्रीस भरून सुधारतात. चालताना चाकातून कटकट-कटकट असा दातऱ्या चाकासारखा आवाज येत असेल तर हब अर्धवट लागतोय. त्याच क्षणी थांबा, नाहीतर दाते खाऊन जातील.

दुखणं मागे असेल तर

स्वस्तापासून महागाकडे जा. आधी फ्यूज आणि रिले. मग कनेक्टर: ट्रान्सफर केसच्या मोटरचा कनेक्टर गाडीच्या पोटाशी असतो, पावसाचं पाणी आणि खाडीची खारट हवा दोन्ही त्याला लागते. सोडून बघा. पिनांवर हिरवट थर दिसला तर अर्धं निदान झालं. इलेक्ट्रिक क्लीनरने धुवा, वाळवा, परत लावून आवाज ऐका. बॅटरी आणि अर्थिंगही बघा. कमजोर बॅटरीवर मोटर निम्म्यात दम टाकते.

वीज पोचतेय आणि मोटर गप्प? हातोड्याच्या लाकडी मुठीने तिच्यावर हलक्या दोन टिचक्या मारत कोणाला तरी नॉब फिरवायला सांगा. जागी झाली तर मोटरच अडकतेय. हे निदान झालं, दुरुस्ती नव्हे. संध्याकाळी ती परत झोपेल. मोटर बाहेर काढल्यावर एकटी नीट फिरते, पण ट्रान्सफर केसचा दांडा हलत नाही, असं झालं तरच आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वगैरे उघडायची वेळ आली. ‘केस उघडूया’ हे वाक्य या टप्प्याआधी ऐकू आलं तर गॅरेज बदला.

फक्त फोर-एल लागत नसेल तर आधी पद्धत तपासा: गाडी पूर्ण थांबलेली, न्यूट्रल, क्लच दाबलेला. पहिल्यांदा दाते समोरासमोर आले तर नाही लागत. गाडी वीतभर पुढे सरकवून परत करा. तरी नाही, तर क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच कंट्रोलरला ‘तयार आहे’ असं सांगत नसेल. स्कॅनर लावला की बऱ्याच गाड्यांत हे कोडमध्ये दिसतं. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यात स्कॅनर असलेली गॅरेजेस मिळतात. कळंबोलीला ट्रकच्या गिअरबॉक्सवर काम करणारे हात पक्के आहेत, पण इलेक्ट्रिक शिफ्टच्या दुखण्याला आधी वायरिंगवाला हवा.

ओझं पडल्यावर

जॅकवर पास झालेली गाडीही चढावर दगा देऊ शकते. ट्रान्सफर केसमधली चेन सैल झाली असेल तर हाताने फिरवताना काही कळत नाही, जोर लागला की ती दात सोडते आणि खालून धाडकन आवाज येतो. म्हणून मुरमाचा किंवा ओल्या मातीचा चढ शोधा. ओळखीच्या बांधकाम साइटवर, मालकाला विचारून. येऊरला नेऊ नका, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. खाडीलगतच्या कांदळवनातही नाही.

चढावर फोर-एच, पहिला गिअर, बाहेर उभ्या माणसाने पुढच्या चाकांकडे बघायचं. चारही चाकं माती ओढताना दिसली पाहिजेत. मग फोर-एल. वळताना पुढून टकटक आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाजवळचा वळणारा सांधा. गिअर टाकताना खणकन आवाज आला तर शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस. हे दोन्ही फोर-व्हील न लागण्याचं कारण नसतं, पण किंमत पाडायला उपयोगी.

उतरून टू-एच करा. दिवा विझायला नकार देत असेल तर स्टीअरिंग सरळ ठेवून काही मीटर रिव्हर्स घ्या. साठलेला ताण सुटतो आणि जोडणी निसटते. इतक्याने सुटलं तर दोष नाही.

तेल मात्र चुकवू नका. ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन चाकांत ताकद वाटणारा गोळा) लेव्हल बोल्ट सोडून बोट घाला. दुधाळ, चहासारखं तेल म्हणजे आत पाणी गेलंय, पुरात उभी राहिलेली गाडी किंवा तुंबलेली ब्रीदर नळी (आतली हवा बाहेर सोडणारी). खालच्या बोल्टच्या चुंबकावर करडा लेप असणं नेहमीचं. टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर ती गाडी दुसऱ्या कोणाला तरी घेऊ द्या.

भाव करताना

विकणाऱ्याला ‘फोर-व्हील चालत नाही’ असं म्हणू नका. तो म्हणेल, दिवा तर लागतोय. खडूची रेघ दाखवा आणि ‘हबपुढे जात नाही’ किंवा ‘केस धरत नाही’ असं नेमकं सांगा. पाइप, कनेक्टर, हब यांचं काम असेल तर गाडी खुशाल घ्या, खर्च भावातून वजा करून. मोटरचं असेल तर आधी त्या मॉडेलची मोटर मिळते का याची चौकशी करा, मगच टोकन द्या. बंद पडलेल्या मॉडेलमध्ये भागाच्या किमतीपेक्षा तो मिळण्याचीच अडचण मोठी. केस उघडावी लागणार असेल तर फोर बाय फोरचे पैसे देऊ नका, फोर बाय टूच्या, म्हणजे दोनच चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या भावात मिळत असेल तरच विचार करा.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल बदला. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच, कारण काही केसना गिअर ऑइल लागतं आणि काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल. अदलाबदल केली तर शिफ्ट पुन्हा कुरकुरू लागेल. त्यानंतर महिन्यातून एकदा, ओल्या किंवा सैल जमिनीवर, दोन-तीन किलोमीटर फोर-एच आणि थोडं फोर-एल चालवा. उन्हाळ्यात शेतावर जाणं होत नसेल तर पावसाची पहिली सर येईपर्यंत थांबू नका, मुरमाचा तुकडा शोधा.